नाईक यशवंत घाडगे, ५४ मिलिमीटर: प्लॅस्टिकच्या एका सैनिकाच्या रूपांतराचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची निवड

पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील, नाईक या हुद्द्यावरील यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. ते तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. मृत्युसमयी त्यांचे वय २२ वर्षांचे होते. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतील पेरूजा प्रांतातील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने सूर्यघडीच्या रूपातील स्मारकही उभे राहिले. इटलीच्या मोहिमेत चौथ्या, आठव्या आणि दहाव्या भारतीय डिव्हिजनांचे मिळून पन्नास हजारांहून अधिक सैनिक लढले आणि त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांच्या वाट्याला आले. असे असूनही बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या सैनिकांच्या संचांत मराठा पलटणीचा शिपाई शोधून सापडत नाही. तो हवा असेल तर ब्रिटिश आठव्या सैन्याच्या तयार संचातील एखाद्या सैनिकावर काम करूनच घडवावा लागतो.

तसे एक रूपांतर येथे पहिल्या निर्णयापासून शेवटच्या लेपापर्यंत मांडले आहे. प्रमाण १:३२ आहे. म्हणजे पावणेसहा फुटांच्या आतबाहेरचा माणूस साधारण ५४ मिलिमीटर उंच होतो. या प्रमाणात चेहऱ्याला भाव देता येतो, हत्याराचा प्रकार ओळखू येतो आणि काम साध्या भिंगाखाली करता येते. १:७२ च्या लहान सैनिकांवरही सुंदर रूपांतरे होतात, पण तेथे माणूस जेमतेम २४ मिलिमीटरचा राहतो आणि एका विशिष्ट व्यक्तीची ओळख पटवणे अवघड जाते.

कोणता क्षण

लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात प्रसिद्ध झालेले गौरवपत्र हा या कामाचा मुख्य आधार आहे. त्यातील घटनाक्रम असा: कंपनीने शत्रूच्या भक्कम मोर्चावर हल्ला चढवला असता घाडगे यांच्या रायफल सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि त्यात सेक्शन कमांडर घाडगे वगळता सारे जण मारले गेले किंवा जखमी झाले. सोबत येणारे कोणी उरले नाही हे पुरते ठाऊक असतानाही ते टॉमी गन झाडत मोर्चावर धावून गेले. आधी त्यांनी हातबॉम्ब फेकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, मग तेथील एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्यामुळे बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या प्रहारांनी ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला.

या क्रमात मूर्तीजोगे तीन क्षण आहेत: गोळ्या झाडत धावणे, हातबॉम्ब फेकणे, आणि उलटी धरलेली बंदूक उगारणे. पहिले दोन क्षण दाखवणारे सैनिक बहुतेक संचांत तयारच मिळतात आणि त्यांच्यावर जवळजवळ काही न करता केवळ रंगकाम करून भागते. मात्र तसे केल्यास ती मूर्ती कोणत्याही सैनिकाची होईल, घाडग्यांची होणार नाही. नळीकडून धरलेली बंदूक ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यावरून हा प्रसंग जाणणारा माणूस नाव न वाचताही मूर्ती ओळखेल. म्हणून तिसरा क्षण निवडला, आणि तोही प्रहाराच्या आधीचा: मॅगझिन रिकामे झाले आहे, बंदूक उलटी फिरवून उजव्या खांद्यावर उगारली आहे, डावा पाय मोर्चाच्या कडेवर पडत आहे. शत्रूचे सैनिक मूर्तीसोबत ठेवायचे नाहीत, असेही याच वेळी ठरवले. गौरवपत्राचा सारा भार त्यांच्या एकटेपणावर आहे. तळपट्टीवर आणखी दोन माणसे आली की पाहणाऱ्याची नजर झटापटीकडे जाते आणि ते एकटेपण नाहीसे होते.

हा निर्णय झाल्यावर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, याचा अर्थ रिकामे मॅगझिन बंदुकीतच आहे आणि भरलेली मॅगझिने छातीवरच्या पाऊचमध्ये आहेत. म्हणून बंदुकीखाली मॅगझिन दिसलेच पाहिजे. हातबॉम्ब फेकून झालेला आहे, तेव्हा तो हातात नको.

पायांवरून सैनिक निवडावा

रूपांतर करू पाहणाऱ्या नवख्या माणसाची नजर आधी हत्यारावर जाते. टॉमी गनवाला सैनिक हवा, म्हणून टॉमी गन धरलेलाच सैनिक उचलला जातो. माझे ठाम मत याच्या उलट आहे: मूळ सैनिक निवडावा तो पाय आणि कंबर पाहून. हात, डोके, हत्यार, टोपी, पाठीवरची पिशवी हे सारे बदलता येते आणि बदललेले लपवताही येते. पायांचे तसे नाही. मांडी, गुडघा आणि घोटा यांचा परस्परांशी असलेला कोन, विजारीला पडलेल्या चुण्या आणि शरीराचा भार कोणत्या पावलावर आहे हे मूळ शिल्पकाराने एकदा ठरवलेले असते. ते मोडून नव्याने जुळवायचे म्हणजे निम्मा माणूस पुन्हा घडवणे होय.

या प्रकरणात तीन उमेदवार होते. पहिला गुडघ्यावर बसून टॉमी गन चालवणारा. हत्यार बरोबर, पाय सर्वस्वी निरुपयोगी. दुसरा हातबॉम्ब फेकणारा; वरचे शरीर मागे झुकलेले आणि उजवा हात वर, त्यामुळे हात उपयोगी पडण्याजोगा, पण दोन्ही पावले जमिनीवर घट्ट रोवलेली. तिसरा रायफल छातीशी आडवी धरून धावणारा. डावा पाय पुढे, उजवी टाच उचललेली, आखूड विजार आणि डोक्यावर पसरट काठाचे पोलादी शिरस्त्राण. तिसऱ्याच्या हातातील रायफल पूर्ण काढून टाकावी लागणार होती, तरी पायांसाठी त्यालाच घेतले आणि दुसऱ्याचा उजवा हात उसना घेतला. इटलीतील त्या उन्हाळ्याच्या छायाचित्रांत भारतीय पायदळ खाकी ड्रिल कापडाच्या आखूड आणि लांब अशा दोन्ही विजारींत दिसते, त्यामुळे आखूड विजार ठेवण्यास अडचण नव्हती. मराठा शिपाई रणांगणात पोलादी शिरस्त्राण वापरत असल्याने डोकेही तेच राहिले, फक्त त्याची दिशा बदलायची होती.

प्लॅस्टिकचा स्वभाव

हे मऊ सैनिक पॉलिथिलीनचे असतात, आणि या छंदातील निम्म्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात. विमानांच्या आणि रणगाड्यांच्या जोडसंचांचे कडक प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन असते; ते जोडण्याचा ‘सिमेंट’ नावाचा पातळ गोंद दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि भाग एकजीव होतात. पॉलिथिलीन त्या द्रवात विरघळत नाही, त्याच्या मेणचट पृष्ठभागावर झटपट गोंदही नुसता सुकून बसतो आणि थोड्या ताणाने पापुद्र्यासारखा सुटतो. रंगाचेही तेच होते.

काही संच मात्र पीव्हीसीचेही असतात, आणि तो भेद कापण्यापूर्वी जाणून घेणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक आहे. साच्याच्या चौकटीचा एखादा तुकडा पाण्यात टाकावा आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसावेत. पॉलिथिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगते. पीव्हीसी आणि पॉलिस्टायरिन दोन्ही बुडतात. पीव्हीसीला तापलेली सुरी लावू नये, कारण जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो. पॉलिथिलीनवर तापलेले हत्यार चालते, पण तेही उघड्या खिडकीशी बसूनच वापरावे.

साच्याची मर्यादाही समजून घ्यावी लागते. हे सैनिक दोन भागांच्या पोलादी साच्यात ओतले जातात आणि साचा सरळ मागेपुढे उघडतो, त्यामुळे छातीशी धरलेल्या रायफलीच्या मागे पोकळी ठेवता येत नाही. तेथे प्लॅस्टिक भरीव राहते: रायफल, हात आणि छाती यांच्यामध्ये एक सलग पडदा तयार होतो आणि दोन्ही कुशींकडचे तपशील सपाट होतात. दुकानात चांगला दिसणारा सैनिक बाजूने पाहिला की हा पडदा लगेच दिसतो. रूपांतराचे खरे श्रम पुष्कळदा तो काढण्यात जातात.

काप आणि सांधे

आधी सैनिकाला भांडी घासण्याच्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुऊन घेतले, म्हणजे साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट लेप निघून जातो. साच्याच्या सांध्याची रेघ नव्या पात्याने एका दिशेने, लांब पातळ सालपट काढत कापावी. खरवडल्यास किंवा पॉलिश कागदाने घासल्यास पॉलिथिलीनला बारीक लव फुटते आणि ती रंगाखालीही दिसत राहते. फुटलेली लव तापलेल्या सुईची कड झटकन फिरवल्याने बसते.

कमरेचा काप कापडी पट्ट्याच्या खालच्या कडेने घेतला. ही जागा मुद्दाम निवडली, कारण सांधा पुढे नव्या कमरपट्ट्याखाली झाकला जातो आणि वरचे शरीर हव्या त्या कोनात फिरवता येते. उजव्या खांद्यावरून प्रहार करणाऱ्या माणसाचा उजवा खांदा मागे जातो आणि कंबर पुढच्या पायाच्या दिशेने राहते, म्हणून वरचे शरीर उजवीकडे सुमारे २५ अंशांनी वळवले. मान कॉलरच्या आत कापून डोके उलट, म्हणजे डावीकडे आणि किंचित खाली फिरवले. खांदे एकीकडे आणि नजर समोर मोर्चात, या ताणामुळेच मूर्तीत आवेग येतो. डोके छातीच्या दिशेनेच राहिले असते तर सैनिक लाकूड फोडत असल्यासारखा दिसला असता.

प्रत्येक सांध्यात पितळी तार बसवली: कमरेत जरा जाड, आणि मानेत व खांद्यांत अर्ध्या मिलिमीटरची. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दोन्ही बाजूंना छिद्रे पाडून, तारेचे टोक मेणबत्तीवर तापवून आत ढकलले की सभोवतालचे प्लॅस्टिक वितळून तिला घट्ट धरते. गोंदावर भिस्त न ठेवता तारेवर ठेवणे, हा मऊ प्लॅस्टिकच्या कामाचा पाया आहे. सांध्यातील फट भरण्यासाठी दोन भाग मळून वापरायची इपॉक्सी लांबी (पुट्टी) लावली. तिला पकड मिळावी म्हणून कापलेल्या पृष्ठभागात तापलेल्या सुईने आतून रुंद होणारे खड्डे पाडून ठेवले. नळदुरुस्तीसाठी मिळणारा एम-सील कडक होतो, त्याच्या कडा नेमक्या कापता येतात, म्हणून पाऊचच्या झाकणांसाठी तो उत्तम. सांध्यांवर मात्र सुकल्यावरही किंचित लवचीक राहणारी हिरवी लांबी वापरावी, कारण खालचे प्लॅस्टिक लवते आणि वरचा कडक लेप तडकतो.

उजव्या पायाचा कोन थोडा वाढवायचा होता. त्यासाठी पाय जवळजवळ उकळत्या पाण्यात धरून, मऊ झाल्यावर वाकवून, त्याच स्थितीत थंड पाण्यात बुडवला. पॉलिथिलीन आपला मूळ आकार धरून असते आणि काही वेळाने अंशतः परत फिरते. म्हणून हवे त्याहून थोडे अधिक वाकवावे आणि पायातून तळपट्टीत जाणाऱ्या तारेने तो कोन कायमचा बांधून टाकावा.

बंदूक आणि दोन मुठी

या मूर्तीचा प्राण बंदुकीवरच्या दोन मुठींत आहे, म्हणून या भागावर सर्वांत अधिक वेळ दिला. टॉमी गन, म्हणजे थॉम्पसन, नळीच्या टोकावरील कंपेन्सेटर (गोळी झाडताना नळी वर उसळू न देणारा भाग) धरून सुमारे ८५ सेंटिमीटर लांब असते. १:३२ प्रमाणात ती साडेसव्वीस मिलिमीटर येते. १:३५ च्या जोडसंचातील तयार थॉम्पसन दोन मिलिमीटरांहून अधिक आखूड पडते, आणि ५४ मिलिमीटरच्या माणसाच्या हातात ती तूट डोळ्याला जाणवते. त्यामुळे दस्ता आणि मधला भाग पॉलिस्टायरिनच्या पट्टीतून कापला आणि नळी ०.६ मिलिमीटर पितळी तारेची केली. मॅगझिन वीस गोळ्यांचे सरळ पेटीसारखे घेतले.

ती पितळी तारच दोन्ही मुठींतून आरपार जाते. अशा रीतीने नळी आणि सांधा एकच होतात, हात बंदुकीला कायमचे धरून ठेवतात आणि बंदूक दोन्ही हातांना एकमेकांशी बांधते. मुठीची रुंदी या प्रमाणात तीन मिलिमीटरांच्या आत असते, म्हणून दोन मुठी नळीच्या भागावर बसतात, पण जेमतेम: वरची मूठ दस्त्याकडे सरकून लाकडी पुढच्या पकडीवर येते आणि दुसरी उघड्या नळीवर राहते. खरी बंदूक भरल्यावर पाच किलोंच्या आसपास जाते आणि तिचे वजन दस्त्याकडे व मधल्या भागात आहे. एवढे वजन टोकाकडून पेलणाऱ्या माणसाचे मनगट ताठ राहत नाही, ते वजनाच्या दिशेने मागे मोडते. सैनिकाच्या मनगटाची जाडी केवळ दोन मिलिमीटर आहे, तरी तेथे पाचरीसारखा छोटा काप घेऊन मनगट मागे वळवल्यावर बंदुकीला वजन आले. त्याआधी ती पोकळ वाटत होती.

उजवा हात हातबॉम्ब फेकणाऱ्याचा, डावा मूळ सैनिकाचा, आणि दोघांची बोटे लांबीतून नव्याने घडवलेली. बोटे एकेक लावण्यापेक्षा मुठीवर लांबीची पातळ पट्टी गुंडाळून, ती अर्धवट घट्ट झाल्यावर ओलसर पात्याने तीन रेघा दाबणे अधिक नैसर्गिक दिसते.

छातीवरून रायफल आणि तो पडदा काढल्यावर ब्रिटिश सैन्याच्या १९३७ च्या पद्धतीचे दोन्ही पाऊच नव्याने करावे लागले. झाकणे बंद ठेवली. खांद्यावरून पाठीवर एकमेकांना छेदणारे पट्टे आणि कमरपट्टा पातळ शिशाच्या पत्र्याचे केले. शरीर वळवल्यामुळे डाव्या कुशीवरचा पट्टा ताणलेला आणि उजव्या कुशीवरचा किंचित सैल पडलेला दाखवला.

रंग

मऊ प्लॅस्टिकवर रंग टिकतो तो तयारीमुळे. मूर्ती पुन्हा धुऊन, स्पिरिटने पुसून, मोटारींचे प्लॅस्टिकचे बंपर रंगवण्यापूर्वी मारतात तो पकड वाढवणारा पारदर्शक फवारा हलका मारला आणि त्यावर अॅक्रिलिक अस्तर दिले. अॅक्रिलिक रंगाचा पापुद्रा सुकल्यावरही ताणला जातो. चकचकीत एनॅमल मऊ प्लॅस्टिक लवले की तडकते.

त्वचेसाठी बाटलीबंद ‘फ्लेश’ रंग घेऊ नये, त्यात काळा मिसळून तो गडद करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. त्वचा मृत आणि राखाडी दिसते. कोकणातल्या, उन्हात राबलेल्या तरुणाचा सावळा वर्ण बर्न्ट अंबर, यलो ऑकर आणि थोडा तांबडा यांच्या मिश्रणातून येतो. छटा गडद करायची तर अंबर आणि किंचित निळा, उजळ करायची तर ऑकर. पांढरा अगदी नावापुरता. कपाळ, नाकाची धार, गालाची हाडे आणि मुठींच्या पेरांवर उजळ छटा, शिरस्त्राणाच्या काठाखाली गडद सावली. माझ्या अनुभवात भारतीय सैनिकाची मूर्ती बिघडते ती येथेच: गणवेश अचूक, हत्यार अचूक, आणि त्वचेखाली मात्र जुना इंग्रज तसाच.

खाकी ड्रिल एकसारखे रंगवू नये. धुऊन विटलेले कापड खांद्यांवर आणि मांड्यांवर फिकट वाळूसारखे, काखेत आणि पाठीवर घामाने गडद दिसते. कापडी पट्टे त्याहून हिरवट. बाह्या दंडापर्यंत दुमडलेल्या असल्या, तरी दोन्ही दंडांवर नाईकाच्या दोन फिती हव्यात. टिश्यू कागदाला पातळ फेव्हिकॉलचा हात देऊन, सुकल्यावर दोन मिलिमीटर रुंदीच्या फिती कापून चिकटवल्या की त्यांना कापडाची जाडी येते, जी नुसत्या रंगलेल्या रेघेला येत नाही. बंदुकीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा तपकिरी, धातू काळपट निळा आणि कडांवर पेन्सिलीच्या शिशाची घासणी.

तळपट्टी लहान ठेवली: कोरडी पांढुरकी माती, जुलैचे वाळलेले गवत, आणि पुढच्या पावलाखाली मोर्चाची मातीची कड. नामपट्टीवर देवनागरीत नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, टायबरचे वरचे खोरे, १० जुलै १९४४ एवढाच मजकूर आहे. पदक छातीवर रंगवलेले नाही. ते त्यांना मिळाले तेव्हा ते हयात नव्हते.

शेवटी मूर्तीवर बिनचमकीचा अॅक्रिलिक वार्निश दोन पातळ थरांत दिला. पॉलिथिलीन उन्हातील अतिनील किरणांनी वर्षानुवर्षांत ठिसूळ होते. जुन्या संचांतील सैनिकांचे घोटे हाताळतानाच तुटतात ते यामुळे. म्हणून मूर्ती खिडकीपासून दूर, काचेच्या पेटीत ठेवावी, आणि उचलताना ती नेहमी तळपट्टीला धरून उचलावी, बंदुकीला किंवा हातांना धरून कधीही नाही.